आठही दिवे हिरवे

हिरवा दिवा म्हणजे सगळं आलबेल, हे आपल्याला पहिलीच्या चित्रांच्या पुस्तकापासून शिकवलेलं असतं. (पुण्यात लाल दिव्याचाही लोक तोच अर्थ घेतात, पण ते असो.) त्यामुळे हातातल्या डबीवर एक ते आठ दिवे ओळीने हिरवे लागत गेले, तेव्हा मी टाळ्या वाजवायच्याच बाकी होते. माझ्या हाताने क्रिम्प केलेली पहिलीवहिली लॅन केबल! लगेच स्टेटसला फोटो. खाली तीन फटाके आणि एक दंडाची बेडकुळी.

पुढच्या दोन महिन्यांत त्या केबलने माझा एक क्लायंट घालवला, सात जणांच्या ऑफिसात दोन गट पाडले आणि एका माणसाचं काम घालवलं. म्हणजे शेवटचं केबलने नाही केलं. ते मी केलं. कसं, ते सांगते.

आमचं ऑफिस म्हणजे कर्वे रोडच्या मागच्या गल्लीतल्या जुन्या सोसायटीतला एक फ्लॅट. सात फ्रीलान्सर मिळून भाडं भरतो. एक आर्किटेक्ट, एक व्हिडिओ एडिटर, दोघी ग्राफिकवाल्या, एक जर्मनची भाषांतरकार, एक सीए, ज्यांना आम्ही काका म्हणतो (वय वर्षं पस्तीस, पण चष्मा काकांचा आहे) आणि मी. नावं लिहीत नाही, कारण सगळे हे साप्ताहिक वाचतात. आतल्या खोलीत राऊटर, एक मोठा स्विच आणि सगळ्यांच्या फायली ठेवायचं सामायिक स्टोरेज. एडिटरची फूटेज त्यात, आर्किटेक्टची ड्रॉइंग्ज त्यात, माझ्या मुलाखतींची रेकॉर्डिंग्ज त्यात. आमच्यासाठी नेटवर्क म्हणजे नुसतं इंटरनेट नाही, ते आमचं कपाट आहे.

आणि हे सगळं बघायला दादा. दादा हे नाव नाही, पद आहे. महिना अडीच हजार रुपये, फोन केला की दोन दिवसांत हजर, पाठीवर सॅक, सॅकमध्ये आमच्या लेखी सगळंच अगम्य.

जूनमध्ये आम्हा तिघांना, म्हणजे एडिटर, आर्किटेक्ट आणि मला, रस्त्याकडच्या बंद गॅलरीला लागून असलेली खोली मिळाली. उजेड, वारा, समोर गुलमोहर. फक्त नेटवर्क नाही. वायफाय मधल्या दोन विटांच्या भिंती ओलांडून येईपर्यंत धापा टाकायचं. आतल्या स्विचपासून एक केबल ओढायची, इकडे पाच पोर्टचा छोटा स्विच लावायचा, की झालं. दादाला फोन केला.

"ताई, शनिवारी येतो. आत्ता साइटवर आहे."

तो दिवस होता मंगळवार. आता तुम्हीच सांगा, ज्या पिढीला दहा मिनिटांत कोथिंबीर घरपोच लागते ती शनिवारपर्यंत थांबेल का? मी एक व्हिडिओ बघितला (दीडपट स्पीडने), तपकीर गल्लीत गेले, पंधरा मीटर केबल, डझनभर प्लग, क्रिम्पिंगचा पक्कड आणि ती दिव्यांची टेस्टरची डबी घेतली. हजाराच्या आत सगळा बाजार. रात्री बसून केबल सोलली तर आत आठ तारा. नारिंगी आणि तिची पांढरी जोडीदारीण, तशाच हिरव्या, निळ्या, तपकिरी. प्रत्येक जोडी एकमेकींना पीळ घालून बसलेली. मी त्या अगदी नीट जोड्याजोड्यांनी लावल्या. नारिंगीशेजारी नारिंगी, हिरवीशेजारी हिरवी, निळीशेजारी निळी, तपकिरीशेजारी तपकिरी. दोन्ही टोकांना हुबेहूब तेच. रांगोळीच जणू.

दुसऱ्या दिवशी दादाचाच फोन आला. "ताई, केबल टाकली म्हणे? कलर बी नेच केलंत ना?"

"हो हो," मी म्हणाले. "टेस्टरवर आठही दिवे हिरवे आहेत."

बी म्हणजे काय, ते मला माहीत नव्हतं. मला वाटलं, केबलचा दर्जा असेल. ए ग्रेड, बी ग्रेड.

पुढे जे सुरू झालं त्याला बंद पडणं म्हणता येत नाही, हाच तर घोळ. बंद पडलं असतं तर त्याच दिवशी सापडलं असतं. मेल जायचे, मेसेज जायचे, बातम्यांची पानं उघडायची. पण स्टोरेजवरून मोठी फाइल उचलायला गेलं की निळी पट्टी चाळीस टक्क्यांवर येऊन ध्यानाला बसायची. आर्किटेक्टचं ड्रॉइंग कधी दहा सेकंदांत उघडायचं, कधी दोन मिनिटांत. एडिटर तर आपली हार्ड डिस्क घेऊन आतल्या खोलीत जाऊन कॉपी करायला लागला. आतले चौघं मात्र मजेत. "आमच्याकडे तर काही प्रॉब्लेम नाही," असं ते ज्या स्वरात म्हणायचे तो स्वर सोसायटीच्या मीटिंगमध्ये ज्यांच्या घरी पाणी येतं त्यांचा असतो.

दादा आला. आमच्या खोलीतून राऊटरला मिनिटभर पिंग केलं, एकही पाकीट हरवलं नाही. माझ्याकडे केबलची चौकशी केली, मी डबी लावून दाखवली. आठ हिरवे. मग त्याने राऊटर रीस्टार्ट केला, आतला पोर्ट बदलला. आठवड्याने पुन्हा आला, आमचा छोटा स्विच खराब असेल म्हणून नवा आणून लावला. अठराशे रुपये, सात जणांत वाटून. फरक शून्य.

आणि मग तो गुरुवार. दोन तासांच्या मुलाखतीची मूळ रेकॉर्डिंग, सव्वा जीबीच्या आसपास, परदेशातल्या एका पॉडकास्टवाल्यांना रात्री बारापर्यंत पाठवायची होती. नऊला अपलोड लावलं. साडेदहाला तुटलं. पुन्हा लावलं. मोबाइलचा दिवसाचा डेटा संध्याकाळीच संपलेला. आतल्या खोलीला कुलूप, कारण किल्ली काकांकडे आणि काका लग्नाला नाशिकला. बारा वाजून गेले. सकाळी त्यांचा सभ्य मेल आला, आणि पुढचे तीन भाग दुसऱ्या कुणाला तरी गेले.

शनिवारी आम्ही सातही जण बसलो. सगळ्यात जास्त मी बोलले. फोनवर आतल्या खोलीत केलेल्या स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट दाखवला. "हे बघा, इंटरनेट कंपनी स्पीड देतेय. म्हणजे वाट लागलीये ती दादाच्या वायरिंगची." कुणाला काही सुचत नव्हतं, मला सुचत होतं, म्हणून माझं खरं ठरलं. पुढच्या महिन्यापासून येऊ नका, हा मेसेज दादाला मीच टाइप केला. व्याकरण अगदी शुद्ध होतं.

त्याने उत्तर दिलं, "ठीक आहे ताई."

मधल्या तीन आठवड्यांत नवा माणूस मिळेना आणि नेटवर्क काही सुधारेना. तेव्हा माझ्या डोक्यात एक भन्नाट आयडिया आली. 'आपलं नेटवर्क आपणच दुरुस्त करा' असा लेखच का लिहू नये? कोणती टूल्स घ्यावीत, कोणती फुकट, कोणती विकत. पत्रकाराला काही येत नसलं की तो त्यावर लेख लिहितो, हा आमच्या धंद्याचा जुना फंडा.

पहिलं टूल निवडलं वायरशार्क. का? तर ते सिनेमातल्या हॅकरच्या स्क्रीनसारखं दिसतं. कौतुकाची गोष्ट म्हणजे ते फुकट आहे. गेराल्ड कोम्ब्स नावाच्या गृहस्थाने १९९८ मध्ये ते इथेरिअल या नावाने बाहेर काढलं. २००६ मध्ये त्याने नोकरी बदलली, जुन्या नावाचा ट्रेडमार्क जुन्या कंपनीकडे राहिला, म्हणून नवं नाव वायरशार्क. ते तुमच्या कार्डवरून येणारं-जाणारं प्रत्येक पाकीट उघडून दाखवतं. मी ते सुरू करून स्टोरेजवरून एक फाइल ओढली. स्क्रीनवर काळ्या पट्ट्यांचा पाऊस. काळ्यावर लाल अक्षरं, 'रीट्रान्समिशन'. पाकीट पोचलं नाही म्हणून पुन्हा पाठवलं, पुन्हा पाठवलं, पुन्हा पाठवलं. मी खूश. सापडला चोर!

चोर कसला सापडतोय? चोरी झाली, एवढंच कळलं. पाकीट हरवलं हे वायरशार्क छातीठोक सांगतं. कुठे हरवलं ते त्याला माझ्या खुर्चीत बसून कळणार कसं? मी मात्र तोपर्यंत राऊटरवर ठपका ठेवून त्यावर चार परिच्छेद लिहूनही टाकले होते.

वायरशार्कचं महत्त्व मी कमी करत नाहीये. मागे एकदा आमच्या भाषांतरकार बाईंनी घरचा जुना राऊटर 'जास्तीचे पोर्ट मिळतील' म्हणून ऑफिसच्या जाळ्यात खुपसला होता. त्या राऊटरने आपल्या मनाने सगळ्यांना पत्ते वाटायला सुरुवात केली, आणि निम्म्या ऑफिसचं इंटरनेट गेलं. तेव्हा दादाने वायरशार्कमध्येच दाखवलं होतं, बघा, पत्ता मागणारा एक आणि देणारे दोन. तिथे दुसरं कुठलंही टूल इतक्या पटकन बोललं नसतं. फक्त एक. हे असलं काही ऑफिसात लावण्याआधी सगळ्यांना सांगा. स्विच असल्यामुळे एरवी तुम्हाला बहुतेक स्वतःचीच पाकिटं दिसतात, पण तरीही दुसऱ्याच्या पत्रपेटीजवळ उभं राहताना सांगून उभं राहावं.

मग वळले पिंगकडे. आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी ते काळ्या खिडकीत टाइप केलेलं असतं, अर्थ कळो न कळो. माइक मूस नावाच्या अमेरिकन लष्कराच्या प्रयोगशाळेतल्या माणसाने डिसेंबर १९८३ मध्ये एका संध्याकाळी बसून ते लिहिलं. पाणबुडीवाले सोनारचा आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकतात, त्या आवाजावरून नाव ठेवलं पिंग. पाकीट पाठवायचं, उलट टपाली उत्तर आलं का, किती वेळात, एवढंच. मूस २००० मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेला, पण त्याची ती संध्याकाळ अजून जगातल्या प्रत्येक सिस्टिम ॲडमिनच्या कामी येतेय.

आता यातली गोम ऐका. विंडोजमधलं पिंग आपणहून फक्त चार पाकिटं पाठवतं, आणि प्रत्येकात मजकूर ३२ बाइट. नखाएवढं. आपली फाइल जाते ती १५०० बाइटपर्यंतच्या पाकिटांतून. रस्त्यात बारीक बारीक खड्डे असतील तर सायकल निघून जाते, काचेचा ट्रक नाही जात. मोठ्या पाकिटात बिघडायला जागा जास्त, आणि एक जरी बिट बिघडला तरी अख्खं पाकीट कचऱ्यात. मी पिंगच्या पुढे डॅश एल आणि १४०० लिहून पाकीट फुगवलं, डॅश एन आणि ५०० लिहून पाचशे वेळा पाठवायला सांगितलं, आणि चहा प्यायला गेले. परत आले तर पाचशेपैकी एकवीस गायब. चार टक्के! चार टक्के ऐकायला कमी वाटतं, पण हरवलेल्या प्रत्येक पाकिटाला नेटवर्क गर्दी समजतं आणि वेग उतरवतं. समोरचं मशीन जितकं लांब, तितका तो वेग परत चढायला वेळ जास्त. आतल्या खोलीतलं स्टोरेज नुसतं रडत होतं आणि परदेशातलं अपलोड गचकत होतं, ते यामुळे.

म्हणजे दादाचं पिंग खोटं नव्हतं. त्याने विचारलेल्या प्रश्नाचं त्याला खरं उत्तर मिळालं होतं. 'रस्ता आहे का?' आहे.

स्पीड टेस्टचंही तेच. मी ती फोनवर केली होती, वायफायवर, राऊटरच्या खोलीत उभं राहून. ज्या केबलवर संशय घ्यायचा त्या केबलला त्या टेस्टने हातही लावला नव्हता. आणि तोच स्क्रीनशॉट मी सात जणांसमोर नाचवला होता. स्पीड टेस्ट म्हणजे बहुतेक करून जवळचा सर्व्हर आणि एकाच वेळी अनेक कनेक्शन. इंटरनेटचं बिल वसूल होतंय का, हे त्यातून कळतं. घरातल्या घरात पाणी कुठे मुरतंय, हे नाही.

घरातल्या घरात मोजायला आहे आयपर्फ. हेही फुकट. एका लॅपटॉपवर त्याला ऐकायला बसवायचं, दुसऱ्यावरून पाठवायला लावायचं, मधला रस्ता किती ओढतोय ते आकड्यात कळतं. इंटरनेटचा संबंधच नाही. रविवारी मी आणि एडिटर दोन लॅपटॉप घेऊन घरातल्या घरात फिरलो. खरं म्हणजे त्याच्या आधी त्याने एक फार शहाणपणाची गोष्ट केली. पाकिटाच्या मागच्या बाजूला ऑफिसचा नकाशा काढला. राऊटर, आतला स्विच, बाहेरचा स्विच, कोण कुठे जोडलेलं, आणि रडणाऱ्यांच्या नावावर फुली. तीन फुल्या, तिन्ही बाहेरच्या स्विचवर. दोन महिने आम्ही 'तुमच्याकडे चालतंय, आमच्याकडे नाही' यावर भांडलो, आणि ते भांडण हाच सगळ्यात स्वस्त पुरावा होता, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

दोन्ही लॅपटॉप आतल्या स्विचवर लावले, ९४० मेगाबिट. गिगाबिटच्या जाळ्यात याहून फारसं मिळत नाही, म्हणजे उत्तम. दोन्ही बाहेरच्या स्विचवर, ९४०. एक आत, एक बाहेर. बावीस. मग नऊ. मग एकतीस. मग चौदा.

आत ठीक. बाहेर ठीक. मधे काय आहे?

मधे माझी रांगोळी होती.

एडिटर काही बोलला नाही. तो खाली वाकून बाहेरच्या स्विचकडे बघत राहिला. आमच्या त्या स्विचवर गिगाबिटला हिरवा दिवा लागतो आणि शंभरला नारिंगी. आमच्या तिघांच्या पोर्टवर हिरवे. आतून येणाऱ्या केबलच्या पोर्टवर नारिंगी. पहिल्या दिवसापासून नारिंगी, जुन्या स्विचवर आणि नव्यावरही. मी रोज त्याच्या शेजारी चप्पल काढत होते.

तयार मिळणारी वीस मीटरची केबल आणून जमिनीवरून सोडली. ९४०.

आता त्या डबीचं काय? आठ हिरवे दिवे खोटं बोलले का? तर नाही! डबी प्रत्येक तारेत या टोकाकडून थोडी वीज सोडते आणि त्या टोकाला पोचली का बघते. एकची एकला, दोनची दोनला, आठची आठला. माझ्या केबलमध्ये सगळ्या पोचत होत्या. पण लॅन केबलमध्ये तारा एकेकट्या काम करत नाहीत, जोडीने करतात. एकीत सिग्नल, दुसरीत त्याचाच उलटा सिग्नल, आणि दोघींना पीळ. बाहेरची खरखर दोघींवर सारखीच पडते आणि पलीकडे वजा होते. हा पीळ हाच तर त्या केबलचा सगळा जीव. आणि जोड्या कोणत्या, ते ठरलेलं आहे. एक-दोन, तीन-सहा, चार-पाच, सात-आठ. हो, तीन आणि सहा. मधले चार-पाच सोडून. याची मुळं टेलिफोनच्या वायरिंगमध्ये आहेत, पण आपल्यापुरता नियम म्हणजे नियम. बी पद्धतीत क्रम असा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी.

मी हिरव्या दोघी शेजारी तीन-चारवर बसवल्या आणि निळ्या पाच-सहावर. म्हणजे तीन-सहाच्या जोडीत एक हिरवी आणि एक निळी, ज्यांचा एकमेकींशी काही पीळ नाही. शेजारच्या जोडीतलं सगळं बोलणं त्यांच्यात झिरपत होतं. याला स्प्लिट पेअर म्हणतात, आणि साधी डबी तो कधीच पकडत नाही. पकडणार कशी? तिला तो प्रश्न विचारायला शिकवलेलंच नाही.

पकडणारी यंत्रं आहेत. मधल्या किमतीचे काही टेस्टर केबलची लांबी मोजतात, तार कुठे तुटली ते मीटरमध्ये सांगतात आणि स्प्लिट पेअरही ओळखतात. त्याच्यावर फ्लुकसारख्यांची सर्टिफायर यंत्रं, जी केबलच्या प्रत्येक जोडीची प्रत्येक फ्रिक्वेन्सीवर झडती घेऊन पास-नापास छापून देतात. किंमत लाखांत. अख्ख्या इमारतीची वायरिंग करून घेत असाल तर कंत्राटदाराकडून तो रिपोर्ट मागून घ्यायलाच हवा. सात जणांच्या फ्लॅटसाठी ते म्हणजे खोकल्यावर एमआरआय.

मला विचाराल तर छोट्या ऑफिसने पैसे टाकायचे ते वेगळ्याच जागी. स्विचवर. आमचा स्विच सगळ्यात स्वस्तातला, बिनडोक. फाटलेलं पाकीट आलं की तो ते गुपचूप फेकतो आणि कुणाला सांगत नाही. माझ्या लॅपटॉपवर एररचा आकडा शून्य दिसत होता, कारण फाटकं पाकीट माझ्यापर्यंत येतच नव्हतं, मधेच स्विच गिळत होता. थोडे जास्त पैसे टाकले की असे स्विच मिळतात ज्यांचं पान ब्राउझरमध्ये उघडता येतं. त्यातले बहुतेक, कुठल्या पोर्टवर किती फाटकी पाकिटं आली, याचा हिशेब ठेवतात. घेण्याआधी तेवढं विचारून घ्यायचं. तसा स्विच असता तर मधल्या पोर्टसमोर हजारोंचा आकडा पहिल्याच दिवशी दिसला असता. अठराशेला त्याच जातीचा दुसरा बिनडोक स्विच आणण्याऐवजी... पण ती वेळ गेली.

आणि सगळ्यात स्वस्त टूल? प्लग पारदर्शक असतो. उजेडात धरला की आतले रंग दिसतात. चार सेकंदांचं काम. क्रम पाठ पाहिजे, इतकंच.

सोमवारी सकाळी ग्रुपवर दुसरा मेसेज टाकायला बसले. पहिल्याला तीन मिनिटं लागली होती, याला चाळीस लागली. 'तांत्रिक कारणामुळे' असं एकदा लिहिलं आणि खोडलं. 'केबलमध्ये दोष आढळला' लिहिलं, तेही खोडलं. शेवटी लिहिलं, केबल मी चुकीची केली होती, दादाने विचारलं तेव्हा मी न कळता हो म्हटलं होतं, त्याची काही चूक नाही. सहा निळ्या टिका. खूप वेळ कुणीच काही लिहिलं नाही. मग काकांनी लिहिलं, "मग त्या स्विचचे अठराशे कुणाच्या खात्यात टाकू?"

मी भरले.

दादाला मात्र मेसेज केला नाही, फोन केला. तो कुठेतरी ड्रिल चालू असलेल्या जागी होता. मी सगळं सांगितलं. त्याने मधे एकदाही अडवलं नाही. मी थांबल्यावर म्हणाला, "ताई, मी प्लग बघायला पाहिजे होता. एरवी बघतो. तुम्ही हो म्हणालात म्हणून नाही बघितला."

मला वाटत होतं तो चिडेल, किंवा 'जाऊ द्या हो ताई' म्हणेल. दोन्हींसाठी मी वाक्यं तयार ठेवली होती. या वाक्याला माझ्याकडे काही नव्हतं.

महिन्याचं काम पुन्हा घ्याल का, विचारलं. म्हणाला, तुमचा वार आता दुसऱ्यांना दिलाय, बघतो. पण रविवारी एक चक्कर मारेन, व्हिजिटचे पाचशे घेईन. मी म्हटलं, हजार घ्या. म्हणाला, पाचशेच होतात.

रविवारी आला. तयार केबल दारातून आडवी पडली होती, दोनदा काका त्यात अडकून पडता पडता वाचले होते, म्हणून माझीच पंधरा मीटरची भिंतीवरून नेलेली केबल पुन्हा वापरायची ठरली. केबल चांगलीच होती बिचारी. त्याने दोन्ही टोकांचे प्लग कापले, आणि एक टोक माझ्या हातात दिलं.

"करा."

"मी?"

"तुम्हीच करा. मी बघतो."

आठ तारा सोडवल्या, सरळ केल्या. पीळ फार उकलू नका, म्हणाला, लागेल तेवढाच. मी मोठ्याने म्हणत लावत गेले. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी. मग सवयीने हिरवीकडे हात गेला.

"थांबा. चौथी कुठली?"

"निळी."

त्याने प्लग माझ्याकडून घेतला, खिडकीतल्या उजेडात धरला, एका बाजूने बघितला, उलटा करून बघितला, आणि मग पक्कड माझ्या हातात दिला. टेस्टरची डबी टेबलावरच होती. तिच्याकडे त्याने नंतर हात नेला.